चोरपोकळी

चौथ्या कपाटात त्रेसष्ट तुकडे होते. बावीस अपोफिलाईटचे, एकतीस स्टिल्बाईटचे, नऊ ह्यूलँडाईटचे. त्रेसष्टावा मधल्या फळीवर, स्वतंत्र दिव्याखाली ठेवलेला होता. काळ्या बसाल्टची परातीएवढी वाटी आणि तिच्या आतल्या भिंतीवर ह्यूलँडाईटचे सत्तावीस गुलाबी स्फटिक. त्यांतले दोन टोकाला तुटलेले. खाली पितळी पट्टीवर कोरलं होतं : 'चोरपोकळी. सर्वपित्री अमावास्या. आत मेलेला चोर – तिम्मा धोत्रे.'

मी मजकूर वहीत जसाच्या तसा उतरवला. मग तुटलेल्या दोन स्फटिकांची लांबी मोजली. चौदा आणि नऊ मिलिमीटर.

तिम्मा धोत्रे माझे वडील.

"सगळ्यांना हाच आवडतो," मागून खाणमालक उमाकांत शितोळे म्हणाले. "जर्मन येऊ दे, जपानी येऊ दे, आधी ह्याच्यासमोर फोटो. नुसत्या दगडाला कोण विचारतंय? दगडाला गोष्ट लागते."

"पट्टीवर गोष्ट पूर्ण नाही."

"मग ऐका की. अमावास्येला आमच्या खाणीत कुत्रंसुद्धा नसतं. दगडफोड्यांचा नेम आहे, त्या दिवशी घण उचलायचा नाही. पहारेकरीपण घरी. हा पठ्ठ्या बरोबर तोच दिवस धरून गेला. एकटा. पोकळी फोडली, हात आत घातला आणि वरचा कडा आला खाली. सतरा वर्षं झाली. तुमचं नाव काय म्हणालात?"

"रेणुका धोत्रे."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "कुठले धोत्रे?"

"ह्याच खाणीतले. आता नाल्यापलीकडचे."

मग ते मोकळेपणानं हसले. "घ्या! बापानं फोडली, आता ती कधी फोडली याचा दाखला पोरगी देणार. तुमच्या ऑफिसला दुसरं कुणी पाठवायला सांगू का, मॅडम?"

"सांगा. माणूस बदलेल, यंत्र तेच राहील."

"नको, नको. तूच काढ." 'मॅडम' एवढ्यातच संपलं होतं. "तुझ्या बापाची चोरी सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध झालेली मला बघायचीय. कुठं करू सही?"

मी त्यांना अर्जातलं सातवं कलम दाखवलं. मोजणीचा निष्कर्ष जो येईल तो सार्वजनिक नोंदवहीत जातो; नंतर तो कुणालाही मागे घेता येत नाही, मालकालाही नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. त्यांनी न वाचताच सही ठोकली. मी नऊ मिलिमीटरच्या तुटक्या स्फटिकातून तांदळाएवढा कण काढला, कुपीत बंद केला, वेळ लिहिली.

बाहेर पडताना फाटकावरचा फलक पुन्हा वाचला. लहानपणी अक्षरं जोडायला मी त्याच्यावरच शिकले होते. 'खाणीत लागलेली प्रत्येक पोकळी मालकाची. टोळीने पोकळी लपवल्यास टोळीची सर्व घरे खाली करून घेतली जातील.' खाणीत आता अकराच माणसं कामाला आहेत. दगड कापायचं काम यंत्रं करतात आणि डंपर विनाचालक फिरतात. पण जुन्या टोळीची बेचाळीस घरं अजून मालकाच्याच जमिनीवर आहेत आणि फलकावर दर वर्षी नवा रंग चढतो. सतरा वर्षांपूर्वी वस्तीतलं एकच घर खाली झालं, आमचं. चोर एकटा होता, म्हणून एकच.

*

ज्यांनी रांगमापक पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते.

आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. तो थंड होताना वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षं त्यांतून कोमट पाणी झिरपत राहिलं आणि विरघळून आणलेली द्रव्यं भिंतींवर ठेवत गेलं. पोकळीतले स्फटिक असे तयार झाले. त्यांच्यातलं झिओलाईट नावाचं कुटुंब, ज्यात ह्यूलँडाईट येतो, आतून भरीव नसतं. त्यात अणूंच्या मापाच्या बोळी असतात. बोळीत पाणी असतं आणि पाण्यासोबत कॅल्शियम, सोडियम. बाहेरून पोटॅशियम मिळालं, तर स्फटिक ते अधाशासारखं आत घेतो आणि बदल्यात आतलं काही सोडून देतो.

मुख्य गोष्ट म्हणजे बोळ इतकी अरुंद असते की मागचा पुढच्याला ओलांडू शकत नाही. आत शिरलेलं पोटॅशियम हवेतल्या ओलीच्या जोरावर हळूहळू आत सरकतं, पण रांग मोडत नाही. आधी आलेलं पुढे, नंतर आलेलं मागे. वेग दिवसाला मायक्रॉनचा तिसावा भाग. रांगमापक स्फटिकाला केसाहून बारीक भोक पाडत जातो, उडालेला एकेक अणू मोजतो आणि कुठली रेषा किती खोल गेली ते सांगतो. परदेशातली संग्रहालयं आता या दाखल्याशिवाय आपल्याकडचा स्फटिक घेत नाहीत. तो दगडाबाहेर कधी आला, हे त्यांना कळायला हवं असतं.

पण आपल्याकडच्या स्फटिकांत एक भानगड निघाली. पोटॅशियमच्या रेषा एकीमागे एक, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. परदेशी नमुन्यांत असं काहीच नव्हतं. पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत आठ महिने सगळे यंत्राला दोष देत होते. मी तेव्हा नवीन लागले होते, मला फक्त अंतरं नोंदवायचं काम होतं. अंतरं दोनच प्रकारची होती : ११.८ मायक्रॉन, नाहीतर १२.८. दिवसांत सांगायचं तर तीनशे चोपन्न किंवा तीनशे चौऱ्याऐंशी. दोन छोटी, मग एक मोठं. पुन्हा एक-दोन छोटी, मग मोठं.

मोठं म्हणजे अधिक महिन्याचं वर्ष.

व्यापारी असो की खाणमालक, खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. हत्यारांसोबत मालाचीही. नारळ फुटतो आणि त्याचं पाणी कपाटातल्या सगळ्या मालावर शिंपडलं जातं. नारळाच्या पाण्यात भरपूर पोटॅशियम असतं. दर वर्षी एक शिंपण, दर वर्षी एक रेषा. आमच्या प्रमुख डॉ. सरपोतदारांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे तुला कसं सुचलं?" मी म्हणाले, "आमच्यात नारळ आणखी एकदा फुटतो."

दगड फोडताना घणाचा आवाज बद्द आला, की आत पोकळी आहे हे दगडफोड्याला कळतं. मग काम थांबतं. टोळीतला सगळ्यांत वडील माणूस पुढे येतो, पोकळीच्या ओठावर नारळ फोडतो आणि पहिलं पाणी आत सोडतो. खोबरं सगळ्यांना वाटतात. त्यानंतरच कुणीतरी आत हात घालायचा, आणि नारळ फोडणाऱ्यानं कधीच नाही. त्याचा हात आत राहतो, असं मानतात. म्हणजे एकट्या माणसाला पोकळीचा नारळ फोडताच येत नाही.

मालकाच्या म्हणण्याप्रमाणे बाबा अमावास्येला एकटे गेले आणि तेव्हाच पोकळी फुटली. पोलिसांपुढे सगळ्या टोळीनं हेच सांगितलं : आम्ही ती पोकळी पाहिलेली नाही, नारळ फोडलेला नाही. तसं असेल तर या स्फटिकात फक्त मालकाच्या खंडेनवमीच्या रेषा निघायला हव्यात. सतरा.

आईचं म्हणणं वेगळं होतं. आदल्या संध्याकाळी, चतुर्दशीला, टोळीनं नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी नेम होता, म्हणून मालकाला कळवायचं राहिलं. आणि अमावास्येच्या सकाळी कुणीतरी दारात येऊन बाबांना हाक मारली. तसं असेल तर अठरावी रेषा निघेल, सतरावीच्याही आत, पहिल्या खंडेनवमीच्या दहा दिवस आधीची. दहा दिवस म्हणजे ०.३३ मायक्रॉन. माझ्या बापाची सगळी अब्रू त्या एक तृतीयांश मायक्रॉनमध्ये होती.

सहा दिवसांत यंत्रानं सतरा रेषा मोजल्या. सोळा अंतरं, दहा छोटी, सहा मोठी. सतरावी रेषा २०४ मायक्रॉनवर. त्याच्या आत जाण्यापूर्वी यंत्राची सुई बदलावी लागते आणि त्याला दोन दिवस जातात. मी गावी गेले.

*

आई नाल्यापलीकडे पत्र्याच्या दोन खोल्यांत राहते. मी पुण्याला चल म्हटलं, की ती म्हणते, आपण गेलो तर ते म्हणतील पळाले.

तिच्या भिंतीवर एकच दिनदर्शिका आहे, सतरा वर्षांपूर्वीची. पानं पिवळी पडली आहेत. भाद्रपदातल्या अमावास्येच्या चौकटीवर तिनं काहीही लिहिलेलं नाही. काही विसरण्यासारखं नव्हतंच.

"किती निघाल्या?" तिनं ताट वाढताना विचारलं.

"सतरा. आतलं अजून बघायचंय."

"दहा यील." रांगमापकाबद्दल तिला सगळं तोंडपाठ होतं; मी एकदाच सांगितलं होतं. "फोनवर लांबण लावू नको. नुसता आकडा सांग. दहा. बाकी मला कळतंय."

"आणि नाही आला तर?"

"का नाही यायचा? हाक मी ऐकलीय. घरात व्हते मी." ती पाठमोरी झाली. "तुला काय आठवतंय का त्याचं? खरं सांग."

मला एकच गोष्ट स्पष्ट आठवते आणि ती तिला माहीत आहे, तरी ती पुन्हा पुन्हा विचारते. पोळ्याचा दिवस होता. आमच्याकडे बैल नव्हते, म्हणून बाबांनी मातीची जोडी करून दिली होती. दुपारी ते कुठूनसे आले आणि खिशातून खोबऱ्याचा तुकडा काढून मला दिला. मी चावला तर दाताखाली कच लागली. मी तोंड वाकडं केलं. ते इतके हसले की त्यांना खोकला आला. "खा, खा," म्हणाले. "मोठ्या देवाचा परसाद हाय."

"लई खुशीत हुता त्या दिवशी," आई म्हणाली. "असा खुशीत मी त्याला कधी बघितला न्हवता. आन् फुडच्या आवसंला गेला. बरोबर एक महिना."

मी मानेनं हो म्हणाले आणि जेवले. सवयीनं माझी नजर दिनदर्शिकेवरून एकदा फिरली. पोळा ते सर्वपित्री, तीस दिवस. सर्वपित्री ते खंडेनवमी, नऊ. तेव्हा त्या आकड्यांचा मला काही उपयोग नव्हता.

*

नाला ओलांडून मी सतरा वर्षांत प्रथमच वस्तीत गेले. नळावर चार बायका होत्या. बादल्या भरलेल्या होत्या तरी कुणी हललं नाही.

"आली बघ खडेवाली."

"चोराची पोरगी आता दगडाची जबानी घेती म्हणं."

"घेऊ दे की. दगडाला तोंड असतं तर आपल्याला कशाला लागलं असतं बोलायला?"

मी समोरून गेल्यावर चौथीनं बादलीतलं पाणी माझ्या पावलांच्या खुणांवर ओतलं.

हणमंत विटकर माझे सख्खे मामा. तेव्हा टोळीचे मुकादम आणि तेव्हाही सगळ्यांत वडील. त्यांच्या छातीत आता दगडाची भुकटी बसली आहे. नाकात नळी, खाटेखाली प्राणवायूचं यंत्र घुरघुरत होतं. बाबा गेल्यावर आमच्याशी रोटीबेटी, हळदीकुंकू सगळं तोडायचा निर्णय त्यांनीच टोळीला वाचून दाखवला. आणि मी सातवीत असताना आश्रमशाळेच्या दारात मला सोडून, एक शब्द न बोलता निघून गेले तेही तेच. आईनं त्यानंतरही त्यांचं नाव घेतलं नाही.

"मामा."

"बस." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "न्हाईतर उभी ऱ्हा. तू आलीस म्हणून मालकाच्या ऑफिसात फोन वाजतोय, इथवर ऐकू येतोय."

मी उभीच राहिले. "पोकळीचा नारळ तुमच्या काळात कोण फोडायचं?"

"तुला म्हाईत हाय."

"तुमच्या तोंडून पाहिजे."

"मी फोडायचो. लिहून घे. वही आणलीस न्हवं?"

"त्या पोकळीचा फोडलात?"

यंत्र घुरघुरलं. त्यांनी दोन श्वास घेतले. मी मोजले, मधे सात सेकंद.

"पोलिसाला सांगितलंय मी."

"पोलिसाला सांगितलेलं खोटं असेल तर दगड ते दाखवणार आहे. सतरा रेषा निघाल्यात, आतली बघायचीय. आत्ता सांगितलंत तर आईला तुमच्या तोंडून कळेल. नाहीतर नोंदवहीतून सगळ्यांनाच कळेल."

"धमकी देती." आता त्यांनी डोळे उघडले. "तुला शाळंत कुणी घातली? त्या अक्षरावर आज मला धमकी देती. बेचाळीस घरं हायत हितं. म्हातारी हायत, बाळंतिणी हायत. फाटकावर काय लिवलंय, वाचलंस का येताना? का आता निस्ती इंग्रजी वाचती?"

"आदल्या संध्याकाळी फोडला असेल तर पोकळी लपवली असं होत नाही. दुसऱ्या दिवशी नेम होता. तुमची घरं सुरक्षित आहेत. एवढंच निघेल की माणूस तुम्ही पाठवलात, टेकू न लावता. आणि मग सतरा वर्षं त्याच्यावर थुंकलात."

"आसं निघंल?"

"दहा दिवस आला तर असंच."

"आन् दहा न्हाई आलं तर?"

"तर आतली रेषाच नसेल. मग मालक म्हणतो ते खरं. बाप चोर."

ते हसले. हसण्यानं त्यांना दम लागला आणि बराच वेळ ते नळी धरून वाकले. मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"दोनच उत्तरं हायत व्हय तुझ्या मोजणीत," ते म्हणाले. "एवढी शिकलीस, आन् दोनच."

"तिसरं कुठलं?"

"थांबव ते यंत्र. सतरा निघाल्यात न्हवं? सतरावर सोड. तुझ्या सायबिणीला चालंल, मालकाला चालंल."

"आणि आईला?"

"तिला सतरा वर्षं चाललंय."

"तिला नाही चाललं. तुम्ही चालवलंय. हाक तुम्हीच मारली होती ना त्या दिवशी? ती आवाज ओळखते. बोलत नाही एवढंच."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. भिंतीकडेच बघत, एकेक शब्द सुटा करून ते बोलले. "मी त्याला एका दिवसाचा चोर ठिवला, रेणे. एकाच दिवसाचा. येवढंच मला जमलं. तू आता त्याला मोजायला निघालीस."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय न्हाई. जा. आन् परत ह्या दारात येऊ नको."

मी बाहेर आले. नळावरच्या बायका तशाच होत्या. मी फाटकाच्या बाहेर जाऊन वहीत वाक्य लिहिलं, 'एका दिवसाचा चोर', आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह केलं. मग ते खोडलं. माणसाचं बोलणं ही मोजणी नव्हे.

*

डॉ. सरपोतदार सुई बदललेली पाहून म्हणाल्या, "कशासाठी? मालकाचा दाखला सतरा रेषांवर होतो. ओळीनं सोळा अंतरं जुळली आहेत. इतका स्वच्छ नमुना आपल्याकडे आलेला नाही."

"आतला पट्टा वाचलेला नाही."

"वाचायला कुणी सांगितलेलं नाही. शितोळ्यांचा सकाळीच फोन होता. तू वस्तीत जाऊन लोकांना धमकावतेस म्हणे."

"एका माणसाला प्रश्न विचारले."

"रेणुका, आपण दाखले देतो. न्यायनिवाडा करत नाही. हे तुझ्या वडिलांचं प्रकरण आहे हे मला नोंदवहीतल्या आडनावावरून कळावं, याची मला लाज वाटते. 'आतला पट्टा अवाचित' असा रकाना आहे. तो भर आणि सोड."

"तो रकाना नमुना खराब असेल तेव्हासाठी आहे. हा नमुना खराब नाही."

त्या दाराकडे वळल्या. "मग सही तुझी एकटीची. माझं नाव घालायचं नाही."

"नाही घालत."

त्या गेल्या आणि जाताना दार आपटलं. सुई चालू करायचं बटण यंत्राच्या उजव्या बाजूला आहे, झाकणाखाली. झाकण उघडल्यावर मी दिनदर्शिकेचा फोटो समोरच्या पडद्यावर लावला. दिवस मोजताना चूक नको. खरं कारण ते नव्हतं. मला मामांचं वाक्य आठवत होतं आणि त्यातला 'एका' हा शब्द. मालकानं सांगितलेलं खरं असतं तर तो शब्द बोलायची गरज नव्हती. आईनं सांगितलेलं खरं असतं तर चोर हा शब्दच लागला नसता.

अमावास्येला खाणीत कुत्रंसुद्धा नसतं, असं मालक म्हणाला होता. पोळाही अमावास्येलाच येतो.

मी झाकण पुन्हा लावलं. 'अवाचित' रकाना पडद्यावर उघडाच होता. त्यात एक टिचकी मारली की सगळं होतं तिथं राहिलं असतं. बेचाळीस घरं, पितळी पट्टी, नाल्यापलीकडे दहाची वाट बघणारी आई. अकरा मिनिटं मी तशीच बसले होते. यंत्र निष्क्रिय वेळही नोंदवतं, म्हणून आकडा माहीत आहे. त्या अकरा मिनिटांत दाताखाली कच असल्यासारखं वाटत राहिलं आणि मी दोनदा पाणी प्यायले.

मग झाकण उघडलं आणि बटण दाबलं.

सुई २०४ वरून निघाली. ०.३३ च्या जागी पोटॅशियमची पातळी सपाट होती. मी तिथं सुई थांबवली, मागे घेतली, पुन्हा त्याच जागेवरून नेली. सपाट. तिसऱ्यांदा नेली. तेच. फोन टेबलावर होता, त्यावर आईचे दोन कॉल येऊन गेले होते.

यंत्र सुरूच होतं. अर्ध्या मायक्रॉनवर सपाट, एकवर सपाट. त्यानंतर आलेख चढला, टोकाला पोचला आणि उतरला. पुढे पाच मायक्रॉनपर्यंत काहीच नव्हतं. पोकळीतली ओल कपाटातल्या ओलीपेक्षा जास्त असते, त्यासाठीची दुरुस्ती यंत्र आपोआप करतं. मी ती हातानंही करून पाहिली. मग नोंदवहीचा अर्ज उघडला आणि एकेक रकाना भरत गेले.

नमुना : ह्यूलँडाईट, चौथं कपाट, तुकडा त्रेसष्टावा.

एकूण रेषा : अठरा.

मोजणारी : रेणुका तिम्मा धोत्रे.

अठराव्या रेषेची तिथी : श्रावण अमावास्या, पोळा.

सतरावी आणि अठरावी यांतलं अंतर : १.३० मायक्रॉन. एकोणचाळीस दिवस, कमीअधिक दोन.